ठरावीक अक्षरांचे इंग्रजी शब्द शोधायचेत? कोणतं साधन कोणाच्या कामाचं

स्क्रॅबलचा सराव असो, इंग्रजी शब्दकोडं असो, वर्डल हा पाच अक्षरी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ असो की वर्गासाठी स्पेलिंगची यादी, मागणी एकच असते: 'अमुक अक्षरं असलेले शब्द हवेत.' प्रत्यक्षात हे चार वेगळे प्रश्न आहेत. शब्दकोड्यात अक्षराची जागा ठरलेली असते. तिसरं 'आर', शेवटचं 'वाय'. शिक्षकांना अक्षरं सलग हवी असतात, 'पी-एच' किंवा 'ओ-यू-जी-एच'. स्क्रॅबलमध्ये हातातल्या सात टाइल आणि पटावरचं एखादं अक्षर एवढ्यातच भागवायचं असतं. वर्डलमध्ये एखादं अक्षर आहे हे कळतं, पण कुठे ते कळत नाही, आणि काही अक्षरं बाद झालेली असतात. आपला प्रश्न यातला कोणता, हे आधी ठरवा. निम्मी निवड तिथेच होते.

छापील शब्दकोश पहिली दोन-तीन अक्षरं माहीत असतील तरच उपयोगी. मधलं किंवा शेवटचं अक्षर हाताशी असेल तर पानं चाळत बसण्यात अर्थ नाही.

बहुतेक जण वळतात ते वर्ड-फाइंडर संकेतस्थळांकडे. शिकावं काही लागत नाही. 'सुरुवात', 'शेवट', 'समाविष्ट' आणि 'लांबी' असे रकाने भरले की झालं. जाहिराती भरपूर असतात, पण खरी अडचण त्यांची नाही. 'समाविष्ट' या रकान्यात टाकलेली अक्षरं काही ठिकाणी सलग धरतात, काही ठिकाणी सुटी. हे ओळखायला सोपी चाचणी आहे: 'टी-आर' टाका आणि यादीत 'आर्ट' येतो का बघा. आला तर अक्षरं सुटी धरली आहेत. 'ट्री' आला आणि 'आर्ट' नाही, तर सलग. नवीन संकेतस्थळ वापरण्याआधी एवढं जरूर करा.

दुसरी गोष्ट म्हणजे संकेतस्थळामागची शब्दयादी कोणती. भारतातल्या स्क्रॅबल स्पर्धा कॉलिन्स या ब्रिटिश कोश-प्रकाशकाच्या यादीवर चालतात. तिच्या 2019 च्या आवृत्तीत 2,79,496 शब्द आहेत. अमेरिका-कॅनडाची यादी दोन लाखांच्या आतच आहे. दोन अक्षरी शब्दांत फरक लगेच दिसतो: कॉलिन्समध्ये 127, तिकडे 107. 'झेड-ओ' हा दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये चालतो, तिकडे नाही. संकेतस्थळावर कोश निवडायची सोय नसेल तर स्पर्धेच्या तयारीसाठी ते वापरू नका. वर्डलवाल्यांची अडचण उलटी आहे. मूळ खेळात उत्तराचे शब्द सुमारे 2,300 होते, तर स्वीकारले जाणारे जवळपास 13,000. मोठ्या यादीवरचं साधन उत्तरात कधीच न येणाऱ्या शब्दांचा ढीग समोर टाकतं.

वनलुक हे अनेक शब्दकोशांत एकदम शोधणारं संकेतस्थळ मला सगळ्यांत जवळचं वाटतं. प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर, तारांकन म्हणजे कितीही अक्षरं. शेवटी उणे चिन्ह देऊन अक्षरं लिहिली की ती वगळली जातात, आणि स्वल्पविरामाने दोन अटी जोडता येतात. पाच प्रश्नचिन्हं, स्वल्पविराम, मग दोन तारांकनांमध्ये 'वाय': पाच अक्षरी आणि कुठेही 'वाय' असलेले शब्द समोर. शब्दकोड्यासाठी याला तोड नाही. मात्र यात विशेषनामं आणि वाक्प्रचारही येतात, त्यामुळे स्क्रॅबलवाल्याला निवडत बसावं लागतं.

आणखी एक मार्ग म्हणजे शब्दयादी स्वतःच्या संगणकावर ठेवून ग्रेप (grep) या मजकूर शोधण्याच्या आज्ञेने शोधणं. मॅकवर अशी यादी आधीपासूनच असते, सुमारे 2,35,000 शब्दांची. पण ती 1934 च्या वेबस्टर कोशावरून घेतलेली आहे. नंतरचे शब्द तिच्यात नाहीत, साधी अनेकवचनंही बहुतांशी नाहीत. एनेबल ही खुली यादी उतरवून घेतलेली बरी. ग्रेप शिकायला एखादी संध्याकाळ जाते, पण त्यानंतर प्रश्न नेमका विचारता येतो.

हा नेमकेपणा किती महत्त्वाचा आहे ते 'क्यू'वरून कळतं. दहा गुणांची ही टाइल हातात आली आणि 'यू' नसला की भल्याभल्यांची गाडी अडते. म्हणून 'क्यू'नंतर 'यू' नसलेले शब्द पाठ करायचे असतात: 'फकीर', 'तलाक', 'निकाब', 'बुर्का', 'कव्वाली'. इंग्रजीत हे सगळे 'क्यू'ने लिहितात आणि कॉलिन्समध्ये सगळे चालतात. आता वनलुकवर 'क्यू' हवा, 'यू' वगळा, असं सांगितलं तर 'बुर्का' हातचा जातो, कारण त्यात 'यू' आहे, फक्त 'क्यू'च्या आधी. ग्रेपला 'क्यू'नंतर 'यू' सोडून दुसरं कोणतंही अक्षर, असं सांगितलं तर 'बुर्का' मिळतो, पण 'तलाक' निसटतो. तिथे 'क्यू'नंतर अक्षरच नाही. 'किंवा शब्दाचा शेवट' ही अट डॉलरच्या चिन्हाने जोडली की मगच यादी पूर्ण होते. वनलुकवर मात्र ही अट एका झटक्यात मांडता येत नाही. स्पर्धा खेळणाऱ्याने ग्रेप शिकावंच, असं मी म्हणतो ते यासाठी.

शिक्षकांना मात्र एवढ्या खोलात जायची गरज नाही. त्यांच्यासाठी एक्सेल पुरेसं आहे: एका स्तंभात मुलांच्या पाठ्यपुस्तकातले शब्द, आणि वर 'समाविष्ट' हा फिल्टर. शब्द मुलांच्या ओळखीचे राहतात, हा मोठा फायदा. 'ओ-यू-जी-एच' टाकलं की 'दो', 'थ्रू', 'टफ', 'कफ', 'थॉट' असे पाच तऱ्हेचे उच्चार एकाखाली एक येतात, आणि त्यावर एक अख्खा तास घेता येतो. पावणेतीन लाख शब्दांच्या यादीत हेच शोधलं तर कोणी कधी न बोललेले शब्द आधी चाळावे लागतात.

चॅटबॉटला विचारायचा मोह होतो, पण या कामासाठी मी त्याच्यावर विसंबणार नाही. चॅटबॉटमागची भाषा-प्रारूपं (मॉडेल) मजकूर सुट्या अक्षरांत नव्हे, तुकड्यांत वाचतात. त्यामुळे मागितलेलं अक्षर नसलेला शब्दही ती ठामपणे यादीत घालतात, आणि यादी पूर्ण आहे याचीही खात्री नसते. वर सांगितलेल्या एखाद्या साधनाने यादी काढा आणि अनोळखी शब्दांचे अर्थ किंवा वाक्यातला उपयोग हवा असेल तर तेवढं त्याला विचारा.