दुभाष्याच्या कानाने ऐकलेले भाषण

अटलबिहारी वाजपेयी यांनी परराष्ट्रमंत्री या नात्याने ४ ऑक्टोबर १९७७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या ३२व्या आमसभेत केलेल्या हिंदी भाषणाचे ध्वनिमुद्रण इंटरनेटवर विनामूल्य ऐकता येते. गेल्या रविवारी खानापूरच्या घरी, बाहेर पाऊस आणि घरात वीज नाही अशा दुपारी, पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या काकांसोबत मी ते मोबाइलवर ऐकले.

मी बेळगावात कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. समोरचा शेतकरी मराठीत सांगतो आणि मी ते कागदावर कन्नडमध्ये उतरवतो. त्यामुळे कोणते वाक्य दुसऱ्या भाषेत शाबूत पोहोचते आणि कोणते वाटेतच सांडते, हे मला रोजच्या सरावाने कळते. या भाषणाचे मला विशेष कौतुक वाटते ते याच अंगाने. हिंदी तेव्हा संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा नव्हती आणि आजही नाही. तो मान इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, चिनी आणि अरबी या ६ भाषांना आहे, आणि त्यांखेरीज अन्य भाषेत बोलायचे असल्यास दुभाष्याची सोय वक्त्याकडे असते. म्हणजे तेव्हाच्या १४९ सदस्य देशांपैकी बहुतेकांच्या प्रतिनिधींपर्यंत वाजपेयींचे शब्द परक्या आवाजातच जाणार होते. हे ओळखूनच की काय, जाहीर सभेत दीर्घ विराम घेऊन श्रोत्यांना झुलवत ठेवणारा हा वक्ता येथे बराच आवरून बोलतो, एक मुद्दा पुरता मिटवतो आणि मगच दुसरा हाती घेतो. माझ्याकडे येणारे अर्जदार असे बोलतील तर माझे निम्मे काम वाचेल!

जनता सरकारला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. जगाला चार गोष्टी सांगण्याआधी वाजपेयी स्वतःच्या घराचा हिशेब देतात: भीतीचे वातावरण सरले आहे, मूलभूत अधिकार पुन्हा प्रस्थापित झाले आहेत. आणीबाणी पाहिलेल्या काकांनी एवढा भाग दोनदा लावायला सांगितला. जनसंघातून आलेला हा मंत्री अलिप्ततेचे धोरण मोडीत काढील अशी शंका अनेकांना होती. तसे काही झाले नाही, आणि ती वाट न सोडता त्यांनी आपला सूर लावला, हे मला मुत्सद्देगिरीचे लक्षण वाटते. आफ्रिकेतील वंशभेदाविषयी बोलताना मात्र ते कसलाही आडपडदा ठेवत नाहीत. राष्ट्रांच्या ‘सत्ता और महत्ता’पेक्षा सामान्य माणसाची प्रतिष्ठा आपल्याला अधिक मोलाची वाटते, असे ते म्हणतात. हे यमक मराठी कानाला आपसूक कळते. दुभाष्याच्या हाती त्यातला अर्थच तेवढा उरला असेल.

उणिवाही आहेत. ‘वसुधैव कुटुंबकम्’ हे वचन पुढे इतक्या व्यासपीठांवर झिजले आहे की त्याचा तेव्हाचा ताजेपणा आज मुद्दाम कल्पून घ्यावा लागतो. शिवाय मी आधी उघडलेल्या प्रतीत कोणा हौशी माणसाने मागे वाद्यसंगीत घातले होते, त्यामुळे शब्दांची अखेरची अक्षरे बुडत होती. संगीत नसलेली प्रत शोधावी आणि शक्यतो हेडफोन लावून ऐकावी. खरखर आहे, पण एकही शब्द हरवत नाही.

भाषणाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण त्या संस्कृतप्रचुर शब्दांसाठी कापला, असे मी म्हणताच काकांनी हरकत घेतली. शेवटी वाजपेयी ‘जय जगत’ म्हणून थांबतात. ते ऐकताच खाटेवर आडवे झालेले काका उठून बसले आणि म्हणाले, “अरे, हे तर आपल्या विनोबांचं!” तो अर्धा गुण मला परत द्यावा लागला.