कोहा सॉफ्टवेअर: फुकट आहे, पण सही करायच्या आधी मराठी सर्च करून बघा

आमच्या तालुक्यातल्या कॉलेजात मी महाविद्यालय विकास समितीवर आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं ही समिती नेमावीच लागते, त्यात बाहेरची स्थानिक माणसं पाहिजेत आणि त्यातला एक तरी माजी विद्यार्थी, म्हणून माझा नंबर लागला. मानधन शून्य, चहा-खारी चालू. मग "तुम्ही कंप्युटरमधले ना" म्हणून ग्रंथालय समितीत पण ओढलं, आणि पहिल्याच मीटिंगला लायब्ररीचं सॉफ्टवेअर बदलून कोहा घ्यायचा विषय.

कोहा हे न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररीसाठी बनवलेलं, त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल लागल्यावर चालणार नव्हतं म्हणून. तेव्हापासून सगळ्यांना मोकळं आहे, लायसन्स फी नाही. तरी आमच्याकडं आलेल्या कोटेशनमध्ये पहिलीच ओळ 'कोहा लायसन्स', आणि आकडा लई मोठा. हे कशाचं म्हणून विचारलं तर म्हणे सर ते इन्स्टॉलेशनचं धरा. मग इन्स्टॉलेशन लिहा की! ती ओळ बदलून घेतली तेव्हा आकडा पण खाली आला. एवढ्या एका प्रश्नासाठी तरी बाहेरचा माणूस समितीत असावा, कॉलेजच्या माणसाला रोज त्याच वेंडरशी काम पडतं, तो कशाला वाईटपणा घेईल.

आता वापराचं. देवघेव एक नंबर. काउंटरवरचे मामा कार्ड स्कॅन करतात, पुस्तक स्कॅन करतात, टुक आवाज आला की पोरगं मोकळं. लेट झालं तर दंड आपोआप लागतो, आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर भरून तसं सेटिंग केलं की सुट्टीचे दिवस धरत नाही. पोरं मोबाईलवरून बघायलेत पुस्तक आत आहे का बाहेर, आधी त्यासाठी रॅकपर्यंत जावं लागायचं. लाईट गेल्यावर वापरायची ऑफलाईन सोय पण आहे पण ती आम्ही अजून लावलेली नाही, सध्या इनव्हर्टरवर भागतंय.

खरी कसरत मराठी पुस्तकांची. इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा नंबर, टाकला की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून सगळी नोंद तयार होऊन येते, लेखक, प्रकाशक, विषय सगळं. मराठीचं तसं नाही, एक तर जुन्या पुस्तकांवर आयएसबीएनच नसतो, आणि नोंद सापडली तरी ती रोमन अक्षरात, डोक्यावर आडव्या रेघा दिलेली. ती बघून आमच्या बीएच्या पोरांना काय कळणार? म्हणजे देवनागरीत हातानंच भरायचं. आमच्या ग्रंथपाल मॅडम ॲक्सेशन रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही) समोर ठेवून बसल्या, जुन्या पानांवरची शाई उडालेली, तिथं पुस्तक रॅकमधून काढून बघायचं आणि मग टाईप करायचं. हे काम कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं बघा.

आणि सर्च. डेमोला वेंडरनं इंग्रजी शब्द टाकले, फटाफट रिझल्ट. मी म्हणलं आता 'जायकवाडी' टाका. पुस्तक टेबलावर, नोंद सिस्टीममध्ये, आणि रिझल्ट काहीच नाही. आतमध्ये शोधायचं काम झेब्रा नावाचं इंजिन करतं, त्याचं सेटिंग इंग्रजीच्या हिशोबाचं होतं. ते आयसीयू नावाच्या, देवनागरीसारख्या लिप्या पण समजणाऱ्या सेटिंगवर टाकून सगळं परत इंडेक्स केलं, म्हणजे शोधायची यादी नव्यानं बनवली, तेव्हा सापडायला लागलं. काम तसं किरकोळच, पण कुणी विचारलंच नसतं तर अर्धी लायब्ररी असून नसल्यासारखी.

बॅकअपचं पण आधी ठरवा, रोजचा घ्यायचा आणि एक कॉपी कॉलेजच्या बाहेर, आणि बॅकअपवरून परत चालू करून दाखवा म्हणायचं. ई-जर्नलचं मात्र कोहाला विचारू नका, त्याला इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची एन-लिस्ट ही कॉलेजांसाठीची ई-जर्नलची सेवा वेगळी घ्यावी लागते, तिचं लॉगिन घरून पण चालतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो मराठी सर्चसाठी सेटिंग उकरत बसावं लागलं म्हणून. लातूर, परभणी, बीडकडच्या कुठल्या कॉलेजात हा विषय चालू असेल तर डेमोला ग्रंथपालांसोबत काउंटरवरच्या माणसाला पण बसवा, शेवटी दिवसभर त्यालाच वापरायचंय.