काळी सिल्की म्हणून कडकनाथचा क्रॉस गळ्यात मारला, पिल्लं घेणाऱ्यांनी वाचून मग पैसे पाठवा

सिल्की कोंबडीची पिल्लं ऑनलाइन बघून मागवायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा, थोडं लांबलंय पण पैसे वाचतील. फोटोत एक आणि खोक्यात भलतंच, हा प्रकार आता सगळ्यांना माहीत झालाय, लोक सावध असतात. माझ्याबाबतीत वेगळंच झालं. विकणाऱ्यानेच स्वतःहून सांगितलं की दादा पिल्लू असं असं तपासून घ्या, मी तपासलं, एकूण एक खूण बरोबर आली आणि तरीही माल खोटा निघाला.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. सिल्की म्हणजे ती कापसाच्या गोळ्यासारखी दिसणारी छोटी कोंबडी, अंगावर पिसांऐवजी जणू केसच. मूळची चीनकडची. कातडी काळी, हाडं काळी, पायाला चारऐवजी पाच बोटं, नडगीवर पिसं, डोक्यावर टोपी. अमेरिकन स्टँडर्डमध्ये ती बँटम म्हणजे छोट्या आकाराच्या कोंबड्यांमध्येच धरतात, कोंबडा साधारण एक किलोचा आणि कोंबडी त्याहून थोडी हलकी. अंडी फार देत नाही पण खुडूक इतकी बसते की दुसऱ्याची अंडीसुद्धा उबवून देते, म्हणून बरेच जण फक्त तेवढ्यासाठी एखादी ठेवतात. आपल्याकडे पांढरी सगळीकडे मिळते, काळी कमी दिसते, आणि कमी दिसतं तिथेच भाव चढतो हे काही सांगायला नको.

मी राहतो कराडजवळ. घरी गावरान होत्याच, पांढऱ्या सिल्कीची एक जोडीही होती, काळी हवी होती. एका व्हिडिओवरून पुणे जिल्ह्यातला एक फार्मवाला सापडला, नाव लिहीत नाही. बोलायला इतका गोड की काय सांगू. मार्को पोलोने तेराव्या शतकात चीनमध्ये मांजरासारखे केस असलेल्या कोंबड्यांबद्दल लिहून ठेवलंय इथपासून सुरुवात (हे खरं आहे, मी नंतर बघितलं) आणि शेवट "दादा, पैसा आज आहे उद्या नाही, पण ब्रीड खोटं दिलं तर मला रात्री झोप लागत नाही" इथे. पांढऱ्याच्या दुप्पट भाव, बाराशे रुपये जोडी, सहा जोड्या घेतल्या तर ट्रॅव्हल्सचं भाडं त्याच्याकडे. ७,२०० रुपये पाठवले. निम्मे आधी, निम्मे खोका गाडीत ठेवल्याचा व्हिडिओ आल्यावर.

एका गोष्टीवर मात्र तो अडून होता, पिल्लं दोन दिवसांचीच देणार. मी म्हटलं महिन्याची द्या, जास्त पैसे घ्या. तर म्हणे मोठ्या पिल्लाला प्रवासाचा ताण येतो, लहान पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय निघतात. आता हेही खरंच आहे! हॅचरीवाले देशभर एक दिवसाची पिल्लं पाठवतात ती याच जोरावर. पण त्याला दोनच दिवसांची का द्यायची होती त्याचं कारण वेगळं होतं, ते पुढे कळेल.

पहाटे हायवेवर खोका उतरवून घेतला. बाराची बारा जिवंत, तरतरीत. घरी येऊन त्याने सांगितल्याप्रमाणे एकेक पिल्लू हातात घेऊन बघितलं, पाच बोटं आहेत, पाचवं बोट मागच्या बोटाच्या वर वळलेलं असतं तसंच, नडगीवर बारीक लव आहे, चोच काळी, कातडी काळी, डोक्यावर टोपीचा उंचवटा. मुलीने तर नावंसुद्धा ठेवली. ब्रूडरला (पिल्लांच्या उबेच्या खोक्याला) बल्ब, खाली भाताचं तूस, पहिला आठवडा ३५ डिग्री आणि मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी, पहिल्या आठवड्यात लासोटा (राणीखेतची लस), सगळं रीतसर.

आठवडा उलटला आणि पंखाची पिसं फुटायला लागली. इथे माझी पहिली शंका. सिल्कीच्या पिल्लाचं पंखाचं पिसूसुद्धा फाटकं, विस्कटलेलं दिसतं, माझ्याकडच्या पांढऱ्या जोडीच्या पिल्लांचं मी बघितलेलं होतं. यांची पिसं गावरानसारखी सरळ, चकचकीत, एकावर एक बसलेली. त्याला फोटो पाठवला तर म्हणे पहिली पिसं अशीच असतात दादा, गळून फर येते, टेन्शन घेऊ नका. वाट बघितली. दीड महिन्यात बाराच्या बारा सरळ पिसांच्या, उंच पायांच्या काळ्या कोंबड्या झाल्या. टोपी म्हणजे डोक्यावर चार पिसं उभी, आणि नडगीवर दोन-चार केस. आणि आकार! त्याच वयात माझी पांढरी जेवढी होती त्याच्या दीडपट.

एक पडलेलं पिसू घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पिसाची कड दोन्हीकडे ओढून मधे फट पाडली आणि मग दोन बोटांत धरून खालून वर हलकेच हात फिरवला, फट बंद, बॅगेची चेन लावावी तशी. म्हणाले साध्या पिसाला बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकतात म्हणून ते परत जुळतं. सिल्कीच्या पिसाला हे आकडे नसतात, ते कधीच जुळणार नाही. घरी येऊन पांढरीच्या पिसावर करून बघितलं, कितीही हात फिरवा, केस मोकळेच.

मग त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक पिल्लं घेणाऱ्याला माहीत पाहिजे. सिल्कीच्या बाकी सगळ्या खुणा, म्हणजे पाचवं बोट, काळी कातडी, पायावरची पिसं, टोपी, या क्रॉसमध्येही उतरतात, पूर्ण नाही तर अर्ध्यामुर्ध्या तरी. पण केसाळ पिसं हा गुण अप्रभावी. आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. म्हणजे सिल्की कोंबडा दुसऱ्या जातीच्या कोंबडीवर सोडला तर पिल्लं पाच बोटांची, पण पिसं साधी. आणि दोन दिवसांच्या पिल्लाला पिसं नसतातच, सगळ्याच पिल्लांना लव असते, तेव्हा सिल्कीचं पिल्लू आणि क्रॉसचं पिल्लू आपल्यासारख्याला ओळखूच येत नाही. म्हणून दोन दिवसांची! पिसं फुटायच्या आत माल त्याच्या दारातून गेला पाहिजे.

राहिला प्रश्न काळ्या कातडीचा. साध्या गावरान कोंबडीशी क्रॉस केला तर बऱ्याचदा नर पिल्लांची कातडी फिकट पडते, म्हणजे चोरी लगेच उघडी. इथे सगळीच काळी कशी? डॉक्टर म्हणाले आई पण काळ्या कातडीचीच असणार. घरी येऊन त्या माणसाचे जुने व्हिडिओ काढून बसलो आणि एकात सापडलं, तो कॅमेऱ्यासमोर सेरामा नावाच्या दुसऱ्या जातीबद्दल बोलतोय आणि मागच्या जाळीत एक पांढराशुभ्र सिल्की कोंबडा आणि त्याच्याबरोबर सात-आठ कडकनाथ तलंगा (तरुण माद्या) चरतायत. झालं. पांढऱ्या सिल्कीचा पांढरा रंगही अप्रभावी असतो, त्यामुळे कडकनाथवर सोडला की पिल्लं काळीच निघतात. कातडी दोघांचीही काळी, पाचवं बोट बापाचं, रंग आईचा. काळी सिल्की तयार, पिसं येईपर्यंत. एवढी अक्कल लावून सरळ धंदा केला असता तर हा माणूस आज कुठे असता.

बिचाऱ्या कडकनाथचं पण नशीबच खराब आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआची देशी जात, तिच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं, आणि आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात २०१९ मध्ये तिच्याच नावाने शेतकऱ्यांचे कोट्यवधी बुडवले. आता फॅन्सी म्हणजे शोभेच्या कोंबड्या विकणारे वापरतायत. मला तर एकाने चक्क कडकनाथच आयाम सेमानी (इंडोनेशियाची काळी जात) म्हणून दाखवली होती, पंचवीस हजार जोडी.

त्याला फोन केला. आधी म्हणे फोटो पाठवा, मग म्हणे तुमच्या खाद्यात प्रोटीन कमी पडलं म्हणून फर आली नाही. मी व्हिडिओतल्या कडकनाथ तलंगांचं नाव काढल्यावर सूर बदलला, "दादा, ही कॅरियर लाइन आहे, म्हणजे फरचा गुण अंगात दडलेला आहे, आपसात ब्रीड करा, पुढच्या पिढीत फर येणार, लिहून देतो." आणि पुन्हा तेच, अर्ध खरं! आपसात लावली तर चारातल्या सरासरी एका पिल्लाला केसाळ पिसं येतील. पण टोपी कुणाला, पाचवं बोट कुणाला, आकार कडकनाथकडे झुकलेला, त्यातून सिल्की म्हणण्यासारखं काही मिळवायला किती पिढ्या लागतील देव जाणे. आणि मी कॅरियर मागितलेच नव्हते ना. लिहून देतो म्हणाला ते कधी आलं नाही. शेवटी म्हणाला मोठी खरी जोडी देतो, वर तीन हजार पाठवा. मी नाही म्हटल्यावर ब्लॉक.

"पक्की नर-मादी जोडी" हा आणखी एक शुद्ध थापेचा प्रकार. सिल्कीचं पिल्लू बघून नर की मादी हे चांगले चांगले ब्रीडर सांगू शकत नाहीत, चार-पाच महिने थांबावं लागतं, कोंबड्याच्या टोपीतून मागे लांब केस निघतात, मादीची टोपी गोल राहते, बऱ्याचदा तर आरवला की मग कळतं. दोन दिवसांच्या पिल्लांची जोडी जो विकतो तो फक्त दोन पिल्लं विकतो. माझ्या सहा जोड्यांपैकी एक पिल्लू रक्ती हगवणीत गेलं, उरलेल्यात सात कोंबडे आणि चार माद्या. सात कोंबडे पहाटे चारला एकदम सुरू झाले की शेजारच्या काकूंचे टोमणे दिवसभर.

तक्रारीचं सांगतो, कारण लोक हेच विचारतात. १९३० हा सायबर फ्रॉडचा नंबर, तिथे बोललो, पण माल मिळाला म्हटल्यावर त्यांनी ग्राहक तक्रारीचा रस्ता दाखवला. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलतात. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही. मी केलीय. अडचण एकच, त्याने खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी. तिच्यावर लिहिलंय "फॅन्सी पिल्ले नग १२, ब्रीडिंगसाठी". सिल्की हा शब्दच नाही! आणि "ब्रीडिंगसाठी" म्हणजे उद्या तो म्हणणार की धंद्यासाठी घेतली, हे ग्राहकच नाहीत. नशिबाने व्हॉट्सअॅपवर "काळी सिल्की प्युअर" असं त्याने स्वतः टाइप केलेलं आहे, व्हॉइस नोट नाही. ते चॅट एक्स्पोर्ट करून ठेवलंय.

तर घेणार असाल तर पैसे पाठवायच्या आधी जातीचं नाव मेसेजमध्ये लिहून घ्या, फोनवरच्या शपथा कामाच्या नाहीत. पिल्लू किमान महिन्याचं घ्या आणि व्हिडिओ कॉलवर पंख उघडून कॅमेऱ्याजवळ धरायला सांगा, बोटं मोजत बसू नका. आई-बाप दोन्ही दाखवायला सांगा, नुसता कोंबडा नको, खेळ कोंबडीकडे असतो. मरेक्सची लस दिलीय का तेही विचारा, सिल्कीला हा रोग फार लवकर धरतो आणि लस पहिल्या दिवशीच द्यावी लागते, घरगुती फार्मवर बहुतेक जण देत नाहीत आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. कोणी महिन्याचं पिल्लू द्यायला तयारच नसेल तर सोडून द्या, दुसरा मिळतो.

त्या माणसाचे व्हिडिओ अजून चालू आहेत, नंबर बदललाय, मागची जाळी आता हिरव्या कापडाने झाकलेली असते.

चार माद्या ठेवतोय, अंडी बऱ्यापैकी देतात आणि दोघी खुडूकही बसल्या. पाच कोंबडे वाटले, दोन उरलेत, कराडच्या आसपास कोणाला हवे असतील तर फुकट देतो. अट एकच, क्रॉस म्हणून घ्यायचे आणि पुढे सिल्की म्हणून विकायचे नाहीत.