‘व्हॅक्सिन झालेली’ म्हणून 150 पिल्लं घेतली, 23 उरली. पैसे देण्याआधी हे वाचा

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं, पण परवा आमच्या बचत गटातल्या एका ताईने विचारलं की अमुक माणसाकडून महिना-सव्वा महिन्याची गावरान कोंबडीची पिल्लं घेऊ का, आणि तिने दाखवलेला मेसेज शब्दाला शब्द तोच होता जो मला आला होता, फक्त नंबर वेगळा. म्हणून लिहितेय.

आम्ही संगमनेर तालुक्यात राहतो. घरच्या आठ-दहा कोंबड्या पहिल्यापासून होत्या, त्यांच्यावरच अंड्यांचा बारीकसारीक खर्च निघायचा. गटातून कर्ज मिळालं तेव्हा ठरवलं की शंभर-दीडशे पक्षी करू. एक दिवसाचं पिल्लू घेतलं तर ब्रूडिंग करावं लागतं, बल्ब लावायचे, रात्री उठून बघायचं, लाइट गेली की धावपळ, म्हणून मी थोडी मोठी पिल्लं शोधत होते. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली, 40 दिवसांची, फुल व्हॅक्सिनेटेड, मर नाही, घरपोच, 120 रुपये नग. फोन केला तर माणूस इतका नीट बोलला, ताई ताई करून, खाद्य कोणतं द्यायचं, पाणी कसं ठेवायचं सगळं सांगितलं, आणि लसीकरणाच्या कार्डचा फोटो पाठवला, शिक्क्यासकट. मी त्या कार्डवर विश्वास ठेवला. 18,000 चा सौदा, 9,000 आधी फोनपेने, बाकीचे गाडी आल्यावर.

टेम्पो रात्री अकराला आला. उन्हाचा त्रास नको म्हणून पिल्लं रात्रीच आणतात, त्यात काही वावगं नाही, पण रात्री आपण नीट बघतही नाही ना. बॅटरीच्या उजेडात मोजून घेतली, ड्रायव्हरला उरलेले पैसे रोख दिले, बिल मागितलं तर म्हणे उद्या व्हॉट्सॲपवर टाकतो. ते बिल आजपर्यंत आलेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तीन पिल्लं कोपऱ्यात पंख सोडून बसलेली दिसली. विष्ठा हिरवट. मी फोन केला तर म्हणाला ताई प्रवासाचा ताण आहे, हवामान बदललंय, गूळपाणी द्या. सहाव्या दिवसापर्यंत 11 मेली, बाकीच्यातली कितीतरी चोच उघडी टाकून श्वास घेत होती. परत फोन. आता तो म्हणाला माझ्याकडे स्पेशल किट आहे, 2,200 रुपये, तीन दिवसात मर थांबणार म्हणजे थांबणार. आणि मी ते पण मागवलं हो. डोळ्यासमोर पिल्लं मरताना माणूस काहीही करतो. पार्सल उघडलं तर बिनलेबलच्या पुड्या, पिवळी पावडर, ना नाव ना तारीख. ती पाण्यात घालून दिली आणि त्यात माझे दोन दिवस गेले, जे दोन दिवस मी डॉक्टरकडे जायला हवं होतं.

आठव्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. माना पिळवटलेल्या, एक पिल्लू स्वतःभोवती गोल गोल फिरत होतं. बघितल्याबरोबर काकू म्हणाल्या, अगं ही मानमोडी आहे, माझ्या कोंबड्या तुझ्याकडे येतात दाणे टिपायला. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मानमोडी म्हणजेच राणीखेत, ते नाव मी ऐकलेलं होतं, पण लस झालीय म्हटल्यावर डोक्यातच आलं नाही.

त्याच दिवशी मेलेली दोन पिल्लं पिशवीत बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तिथेच चिरून दाखवलं, जठराच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. म्हणाले लक्षणं राणीखेतचीच आहेत, खात्रीसाठी नमुने पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत पाठवू. आणि स्पष्ट सांगितलं, हा विषाणूचा आजार आहे, यावर औषध नाही, ॲन्टिबायोटिकने विषाणू मरत नाही, जो कोणी किट विकतो तो फसवतो. नंतर रिपोर्ट पण तोच आला.

मग मी कार्डचा फोटो दाखवला. डॉक्टरांनी एका मिनिटात खोटं पकडलं. त्यावर लिहिलेलं होतं, 30 व्या दिवशी देवीची लस आणि 35 व्या दिवशी आर टू बी. आर टू बी ही राणीखेतची जोरदार लस आहे, ती साधारण आठव्या आठवड्यात इंजेक्शनने देतात, इतक्या लहान पिल्लाला दिली तर पायच जायचे. लहानपणी द्यायची ती लासोटा, म्हणजे राणीखेतचीच सौम्य लस, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, साधारण दोन आठवड्यांनी गंबोरो नावाच्या दुसऱ्या रोगाची लस, आणि चार आठवड्यांच्या आसपास लासोटाचा बूस्टर. आणि देवीची लस पंखाच्या पातळ पडद्यात सुईने टोचतात, ती लागली असेल तर आठ-दहा दिवसांत तिथे गाठ किंवा खपली दिसते. म्हणजे माझ्याकडे पिल्लं आली त्या रात्री ती खपली दिसायलाच पाहिजे होती. आम्ही घरी येऊन जिवंत असलेल्या एकेकाचा पंख उलगडून बघितला. एकाच्याही पंखावर काही नाही. मला हे आधी माहीत असतं तर टेम्पोजवळच दहा पिल्लांचे पंख बघून गाडी परत पाठवली असती.

अजून एक सांगितलं डॉक्टरांनी ते मला फार महत्त्वाचं वाटलं. लस खरी असली तरी ती 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते, बर्फाशिवाय गाडीत फिरली की निकामी होते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. त्यामुळे लस दिली एवढं ऐकून भागत नाही, कुठली, कधी, बाटलीवरचा बॅच नंबर काय, एक्सपायरी काय, हे विचारायचं आणि रिकाम्या बाटलीचा फोटो मागायचा. आणि नवीन पक्षी कितीही खात्रीचे असोत, 21 दिवस जुन्या कोंबड्यांपासून लांब, वेगळी भांडी, वेगळ्या चपला. हे मी केलं नाही. माझ्या जुन्या आठ कोंबड्या याच खुराड्याशेजारी होत्या, त्याही गेल्या.

150 पैकी 23 जगली. त्यातल्या काहींच्या माना अजून वाकड्या आहेत. पण पैशापेक्षा मला लागलं ते काकूंचं. त्यांच्या 14 कोंबड्या होत्या, दोन उरल्या. काकू एकट्या राहतात, अंडी विकून गोळ्यांचा खर्च काढायच्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत त्या, उलट खड्डा खणायला फावडं घेऊन आल्या. आम्ही खोल खड्डा करून चुना टाकून सगळं पुरलं. त्याच आठवड्यात एक व्यापारी मोटारसायकलवर आला, आजारी पक्षी 40 रुपयांनी द्या म्हणाला, ह्यांच्या मनात आलं होतं की निदान कर्जाचा एक हप्ता निघेल, पण मी नाही दिले, कारण तो ते पुढच्या गावात विकणार आणि तिथेही असंच कोणाचं तरी घर बसणार. माझ्याकडे आली ती पिल्लं पण बहुतेक अशीच कुठूनतरी गोळा केलेली असणार.

त्या माणसाचा नंबर बंद. फोनपेवर नाव भलतंच. पोलिसांत गेलो तर पहिला प्रश्न बिल कुठंय. एकजण म्हणाला धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, तक्रार चालणार नाही. तसं नाहीये, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून करत असाल तर 2019 च्या ग्राहक कायद्यात तुम्ही ग्राहकच धरले जाता, आणि 5 लाखापर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी पण लागत नाही. दोन वर्षांच्या आत करावं लागतं. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून विचारलं, आता चॅटचे स्क्रीनशॉट, फोनपेची पावती, प्रयोगशाळेचा रिपोर्ट असं सगळं जोडून तक्रार तयार केलीय. मेसेज डिलीट करू नका कोणी, रागाच्या भरात मी ब्लॉक करून चॅट उडवणार होते, मुलीने अडवलं म्हणून पुरावा राहिला.

खुराडं चुन्याने रंगवून दोन-अडीच महिने रिकामं ठेवलं. उरलेली 23 लांब परसात वेगळी आहेत, बरे झालेले पक्षी पण काही दिवस रोग पसरवतात म्हणून ती कोणाला दिली नाहीत. या वेळी एक दिवसाची 50 पिल्लं आणली, बिल घेऊन, आणि लासोटा स्वतः दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून आणली. बाटली 100 डोसची असते, एकटीला जास्त होते, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून रविवारी सकाळी एकदमच थेंब दिले. काकूंच्या उरलेल्या दोघींना पण दिला. काकूंसाठी सहा तलंगा बाजूला धरल्यात, थोड्या मोठ्या झाल्या की, आर टू बी झालं की, त्यांच्या अंगणात सोडणार आहे.