दोन ट्रक, दोन ऑइलं आणि दहा महिने

डिझेल ट्रकला सिंथेटिक घालावं की साधं मिनरल, या वादात मी आजवर दोन्ही बाजूंनी भांडून झालोय. गेले दहा महिने मात्र स्वतःच्याच दोन गाड्यांवर करून पाहिलं. दोन्ही एकाच मॉडेलच्या. इंजिन, टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) सगळं सारखं. फरक कामाचा. एक माल भरून लांबच्या रूटला पळते. दुसरा टिपर. दिवसभर साइटवर, धुळीत, निम्मा वेळ नुसता उभा पण इंजिन चालू.

सुरुवातच चुकली. टिपरचे हाल जास्त, तेव्हा चांगलं ऑइल त्यालाच द्यावं असं वाटलं. त्यात ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ओतलं आणि लांबच्या गाडीला नेहमीचं १५डब्ल्यू-४० मिनरल ठेवलं.

सातव्या आठवड्यात टिपरची डिपस्टिक ओढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. मधे कुणी टॉप-अप केलेलं नव्हतं. काडी नाकाशी नेली तर डिझेलचा वास. थेंब दोन बोटांत चोळला, चिकटपणा गेलेला. कारण कळायला वेळ लागला नाही. या इंजिनात डीपीएफमधली काजळी जाळायची म्हणजे सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडलं जातं. त्यातलं काही न जळता भिंतींवरून खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. लांबच्या रूटवर ही साफसफाई एका दमात उरकते. टिपरची अर्ध्यावर असताना कुणीतरी चावी फिरवून इंजिन बंद करतं, मग पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा डिझेल.

नमुना लॅबला पाठवला. ४० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला किमान १२.५ सेंटीस्टोक्स हवा, आमचा त्याच्या खाली आला. वर सिलिकॉन भरपूर, म्हणजे धूळ आत जातेय. एअर फिल्टर तर नवा होता. शेवटी फिल्टरच्या पुढचा रबरी होज काढून आतून बोट फिरवलं, बोटाला पिठासारखी माती. क्लिप ढिली, एवढंच. पण त्या ढिल्या क्लिपने जे रिंगा-लायनर घासले, ते कुठल्याही डब्यातल्या ऑइलने वाचले नसते.

महागडं ऑइल निम्मं आयुष्यही न जगता ड्रेन करावं लागलं. ट्रेमध्ये पडणारी ती धार बघताना जीव जळला, खोटं कशाला बोलू. ऑइल म्हातारं झालं नव्हतं, बिघडवलं गेलं होतं. डिझेल आणि माती मिसळायची तर ती सिंथेटिक-मिनरल दोन्हीत सारखीच मिसळते.

मग अदलाबदल केली. सिंथेटिक लांबच्या गाडीला, मिनरल टिपरला.

लांबच्या गाडीत पहिला फरक पहाटेच्या स्टार्टला. कडक थंडीत मिनरलवर सेल्फ जड फिरायचा, वरच्या भागातून दोन-तीन सेकंद खडखड यायची आणि प्रेशरचा काटा रमतगमत चढायचा. आता सेल्फ हलका आणि काटा लगेच वर. यात जादू नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचाच असतो. ५डब्ल्यू ऑइल पंपाला उणे ३५ अंशांपर्यंत ओढता यायला हवं, १५डब्ल्यू उणे २५ पर्यंत. उलट, इंजिन एकदा तापलं की दोन्ही ४०च. 'सिंथेटिकने इंजिन लोण्यासारखं चालतं' म्हणणाऱ्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट असतील, मला तरी आवाजात फरक कळला नाही. ॲव्हरेजचंही तेच. लोड, वारा आणि ड्रायव्हरचा पाय यांतून ऑइलचा वाटा वेगळा काढणं माझ्या वहीला जमलं नाही.

रंगावर जाऊ नका. नवीन सिंथेटिक दुसऱ्या दिवशी काडीवर काळंकुट्ट दिसतं. डिझेल इंजिनात ते व्हायचंच, काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे.

पैसा वसूल झाला तो बदलीच्या अंतरात. मॅन्युअलच्या किलोमीटरला पोचल्यावर पुन्हा नमुना दिला. आम्ल मारणारी शक्ती, म्हणजे टीबीएन, निम्म्याहून जास्त शिल्लक, झीज दाखवणारा लोखंडाचा आकडा शांत, डिझेल जवळपास नाही. वॉरंटी संपलेली होती, म्हणून फक्त फिल्टर बदलला आणि पाव अंतर आणखी चालवलं. त्यानंतरचाही रिपोर्ट बरा होता. नुसत्या डब्यावर लिहिलंय म्हणून अंतर वाढवायची हिंमत मी केली नसती, आणि वॉरंटीत असतो तर रिपोर्ट पाहूनही नाही.

टर्बोबद्दल थोडं. चढ ओढून आल्यावर लगेच गाडी बंद केली की तापलेल्या शाफ्टपाशी अडकलेलं ऑइल जळून कोळसा धरतं. सिंथेटिक ही उष्णता जास्त सोसतं. पण हे ऐकून आमच्या ड्रायव्हरने बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडलिंगची सवय सोडली, ती परत लावायला मला महिना लागला.

घेताना मी 'सिंथेटिक' या शब्दापेक्षा डब्यामागचं बारीक अक्षर वाचतो. पुष्कळ सिंथेटिक ही खनिज तेलच खोलवर शुद्ध करून बनवलेली, ग्रुप ३ मधली असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव देताना माहीत असावं. माझ्या इंजिनाला हवं एपीआय सीके-४ (एपीआय म्हणजे ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था). २०१६च्या डिसेंबरपासून आलेला हा दर्जा मिनरलमध्येही मिळतो आणि सिंथेटिकमध्येही. तो शिक्का नसेल तर पुढचं बोलणंच नको.

टिपर आता सीके-४ मिनरलवर आहे. बदली लवकर, किलोमीटर न बघता इंजिनाच्या तासांवर. ऑइलच्या खर्चात जे वाचलं त्यातून दोन एअर फिल्टर आणि चांगल्या प्रतीच्या क्लिपा आणून ठेवल्यात. सिंथेटिकचा उरलेला अर्धा डबा लांबच्या गाडीच्या टॉप-अपला राखलाय, पण ती अजून मागत नाही.