खिडकीपासून दूर गेलेली साहेबांची केबिन

छत्रपती संभाजीनगरात जालना रस्त्यावरील एका जुन्या व्यापारी संकुलात, दुसऱ्या मजल्यावर आमचे करसल्लागार कार्यालय आहे. अशा संकुलांतील गाळे मुळात दुकानांसाठी आखलेले असतात. समोर सगळी काच, मागे कोरी भिंत आणि मधोमध खाली उतरलेली तुळई. नूतनीकरणाचे काम शहरातीलच एका इंटिरिअर डिझायनर बाईंकडे दिले होते. त्यांच्या कामाबद्दल चार गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात.

साहेबांची केबिन खिडकीपाशी आणि कर्मचारी ट्यूबलाइटखाली, ही आपल्याकडची रीतच. बाईंनी ती मोडली. केबिन आतल्या भिंतीला लावून त्यांनी काचेकडची बाजू सर्वांसाठी मोकळी केली. मात्र काच पश्चिमेची आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जाणारा, म्हणून काचेलगत कंबरेइतक्या उंचीची फायलींची कपाटे, वर गुंडाळता येणारे पडदे आणि मग मेजे अशी मांडणी केली. मेजे काचेला काटकोनात असल्यामुळे उजेड बाजूने येतो, संगणकाच्या पडद्यावर चकाकत नाही. दुपारी तीननंतर पडदे ओढावेच लागतात. तरी एसी २४ अंशांवर ठेवून भागते.

फॉल्स सीलिंगला त्यांनी स्पष्ट नकार दिला, आणि मला हाच निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. तुळईखालून छत ओढले असते तर आधीच बेताची असलेली उंची आणखी गेली असती. आता स्लॅबला नुसता पांढरा रंग आहे आणि वायरी उघड्या पाइपांतून नेल्या आहेत, त्यामुळे बिघाड कुठे आहे ते शिडीवर चढताच दिसते.

सोफ्याऐवजी भिंतीलगत खणांचा लांब बाक केला आहे. आयकर विवरणपत्रे भरण्याची मुदत जवळ आली की मोंढ्यातील (धान्याच्या घाऊक बाजारातील) व्यापारी मुनिमासह बिलांच्या पिशव्या घेऊन येतात, तेव्हा त्याची किंमत कळते.

उणिवाही आहेत. उघड्या स्लॅबमुळे आवाज घुमतो. भिंतीवर जाड कापडाचे फलक लावण्याचे बाईंना आम्ही तक्रार केल्यावर सुचले. त्यांनी आणलेल्या विद्युत कंत्राटदाराने एसी आणि संगणक एकाच सर्किटवर जोडले होते, ते पुन्हा तोडून करावे लागले आणि त्या खर्चावरून बरीच घासाघीस झाली. मांडणीसाठी बाईंचे नाव मी निःसंकोच सुचवीन; विजेचा आराखडा मात्र काम सुरू होण्यापूर्वी लेखी मागून घ्यावा.