"12 व्होल्ट 30 अँपिअर" कन्व्हर्टेड एसएमपीएस घेताय? आधी हे वाचा

आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) प्लेनवाल्यांनो, लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या चार्जरला 12 व्होल्ट द्यायला कोणी कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे त्यातला पॉवर सप्लाय, "रेडी कन्व्हर्ट करून" विकत असेल तर पैसे पाठवू नका. माझे 4,130 रुपये गेले, 3,850 सप्लायचे, 280 कुरिअरचे, वर शॉक बसला तो वेगळाच.

हिरवी वायर काळीला जोडली की एसएमपीएस चालू होतो, पिवळीवर 12 व्होल्ट येतात, हे मलाही माहितीये. पण ऑफिस सांभाळून सोल्डरिंगला बसायला वेळ कुठे असतो, म्हणून तयार घेतला, आणि दाम मोजून घेतला, फुकट नाही मागितला.

लोडवरचा, म्हणजे काहीतरी जोडून करंट ओढतानाचा, व्हिडिओ मी मागितला होता हो! विकणाऱ्याने पाठवलाही, गाडीचा इंडिकेटरचा बल्ब लावलेला आणि मीटरवर 12.1. इथेच, इथेच कळायला हवं होतं मला. 21 वॅटचा बल्ब ओढून ओढून पावणेदोन अँपिअर ओढणार, त्यावरून 30 अँपिअर कसे कळणार? तो व्हिडिओ अजून मोबाईलमध्ये आहे, बघितला की डोकं फिरतं. पण समोरचा "दादा, बिनधास्त घ्या, काही झालं तर मी आहे ना" असं इतक्या आपुलकीने बोलत होता की पुढे विचारायला जीभ रेटेना.

फोर-एस (चार सेलची) बॅटरी 5 अँपिअरवर चार्जिंगला लावली, म्हणजे चार्जर जेमतेम 100 वॅट घेणार, तर व्होल्टेज थेट 10.3 वर आणि चार्जर लो इनपुट दाखवून बंद. बॉडीला हात लागला तर झिणझिण्या, कारण केबल दोन पिनची, अर्थिंगच नाही! स्टिकर नखाने खरवडला तर खाली मूळ लेबल, 12 व्होल्ट 14 अँपिअर. बाहेर काढलेल्या पिवळ्या वायरी दोनच, त्याही बारीक. लाल, म्हणजे 5 व्होल्टच्या, वायरीवर लोडचा रेझिस्टर नाही. जुन्या सप्लायमध्ये 5 आणि 12 व्होल्टचं रेग्युलेशन (व्होल्टेज स्थिर ठेवणं) एकत्र असतं, 5 वर लोड नसला की 12 खाली बसतो. 10 ओहम 10 वॅटचा एक रेझिस्टर टाकायचा होता, तेवढंही केलं नाही.

फोन केला तर ब्लॉक. चौकीत गेलो तर "एवढ्याशा रकमेसाठी?" आणि सायबरला जा. सायबरवाले म्हणाले वस्तू मिळाली ना, मग हे ग्राहकांचं प्रकरण. ग्राहक हेल्पलाइनवर बिल मागितलं, बिल त्याने दिलंच नव्हतं. बँक म्हणते यूपीआय तुम्ही स्वतः केलंत, व्यवहार यशस्वी, तक्रार बंद. म्हणजे चोर मोकळा आणि मी या टेबलावरून त्या टेबलावर, प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून तेच सांगत, आणि समोरच्याला एसएमपीएस म्हणजे मोबाईलचा चार्जर वाटतोय! 100 वॅटला ही गत, बॅटरीने पेट घेतला असता तर कुणी जबाबदारी घेतली असती?

बिलाशिवाय घेऊ नका. मूळ लेबलचा फोटो मागा, त्यावर 12 व्होल्टचे अँपिअर बघा, एकूण वॅट नव्हे. लोड टेस्ट क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून अँपिअर मोजतात तो) दिसेल अशी, किमान 10 अँपिअरची. तीन पिनची केबलच हवी. आणि रागाच्या भरात खोलायला जाऊ नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्ट राहू शकतात. 5 लाखांपर्यंत ग्राहक आयोगात फी लागत नाही, मी तिथे तक्रार टाकतोय.

तेच फोटो आज दुसऱ्या नावाने पुन्हा दिसले. आता स्टिकरवर 40 अँपिअर आहे आणि भाव 4,600.